तीन बटणं

वर्गातली पोरं तिला मावशी म्हणत आणि वयाने आजी असूनही तिला ते चालायचं. विद्यापीठात डिजिटल डिझाइन शिकणाऱ्यांत पासष्टीची ती एकटीच.

शेवटच्या प्रकल्पात म्हाताऱ्यांसाठी मोबाइलची स्क्रीन बनवायची होती. तिच्या स्क्रीनवर मैत्रिणी, गाणी, नकाशा, भावंडांचा भांडकुदळ ग्रुप, सगळंच होतं. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, या वयात तीन बटणं पुष्कळ झाली. औषध, डॉक्टर, मुलाला फोन. बाकीचं काढा, नाहीतर पास करणं अवघड आहे."

फार वर्षांपूर्वी वडिलांनी तिला चित्रकलेचं कॉलेज सोडायला लावलं होतं, तेही असंच गोड बोलून. तेव्हा ती मुकाट्याने घरी बसली होती.

"सर, तुम्हीही पन्नाशी ओलांडलीत ना? आणा तुमचा फोन, तीनच बटणं ठेवून देते."

पोरं माना खाली घालून हसली.

"प्रश्न माझा नाही, वापरणाऱ्यांचा आहे," सर म्हणाले.

"वापरणारी समोरच उभी आहे की."

एकही बटण न काढता तिने प्रकल्प जमा केला.

"खुशाल नापास करा. पुढच्या वर्षी पुन्हा याच बाकावर बसेन. मला कुठे नोकरीची घाई आहे?"