निवृत्तीनं गिरणी विकायला काढली

चैत्राचं ऊन असं, की भातखाचरांना पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, आणि गावाच्या चारी अंगाला रोपांच्या जागेवर राब भाजल्याचा धूर. त्या धुरात निवृत्ती गिरणीच्या ओट्यावर बाज टाकून झोपला होता. दिवसाढवळ्या. पाठीमागं गिरणीच्या दाराला कुलूप, आणि कुलपाला कोळ्यानं जाळं धरलेलं.

"उठा आता," त्याची बायको सविता म्हणाली. "भंगारवाला आला म्हंजी मोटारीबरुबर तुमालाबी काट्यावर घालंल. त्याला काय ठावं, कंचं चालू हाय आन कंचं बंद."

"घालू दे. भाव तरी कळंल."

"भाव मी सांगते की. कशाला त्याला तरास."

निवृत्ती कुशीवर वळला. बायकोच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

बेडशाच्या लेण्यांच्या खालच्या अंगाच्या या गावात भाताची गिरणी एकच, आणि ती निवृत्तीच्या बापानं टाकलेली. बाप गेल्यावर निवृत्तीनं चालवली, ती बरी चालवली म्हणायला हरकत नाही. पण आंबीकडं मोठी गिरणी झाली. तिथल्या यंत्राला म्हणे डोळे असतात. काळा दाणा दिसला की ते उडवून लावतं. तांदूळ पांढराफेक, पिशवीवर मोराचं चित्र, आणि भात न्यायला टेम्पो थेट दारात. झालं, गाव भुललं. ज्यांच्या घरात मीठ-मिरचीचा ठणठणाट, तेसुद्धा मोराच्या पिशवीतला तांदूळ शेजारणीला दिसेल असा दारात निवडायला बसू लागले. त्यात निवडायला काही नसायचं, तरी बसायचे.

बाकीचे गेले तेव्हा निवृत्तीनं शिव्या दिल्या. पण चुलतभाऊ कैलास गेला आणि त्याचा जीवच उतरला. एका ताटात जेवलेली माणसं ही. कैलासची पोती भरलेला टेम्पो गिरणीवरनं गेला, तेव्हा कैलास पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि त्यानं मान दुसरीकडं वळवली होती. निवृत्तीनं त्याच दिवशी बटण बंद केलं. "आता या धंद्यात राम ऱ्हायला न्हाई," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. गावानंही "व्हय व्हय" केलं. गावाचं काय जातंय. तळेगावच्या भंगारवाल्याशी बोलणं झालं: भैरोबाची जत्रा उरकली की दुसऱ्या दिवशी त्यानं टेम्पो आणायचा आणि मोटार, भात भरडायचा हलर, पट्टे, सगळं उचलायचं.

पोरीला हे बघवेना. अनुष्का खंडाळ्याच्या एका हाटेलात काऊंटरवर कामाला. तिच्या हाटेलात धंदेवाल्यांचं शिबिर होतं, मरगळ घालवायचं. एक खुर्ची मोकळी होती, तिच्यावर तिनं बापाला नेऊन बसवलं.

तिथं श्रीयश सर म्हणून एक कोवळं पोरगं गळ्यात पट्टा अन् तोंडापुढं माईक लावून नाचत होतं. स्वतःचा धंदा काय, तर दुसऱ्याला धंदा कर म्हणून सांगायचं. त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि आरशात बघून "मी वाघ आहे" असं ओरडायला लावलं. मग शेजारच्याला मिठी मारायला लावली. निवृत्तीच्या शेजारी कामशेतचा पंक्चरवाला होता. दोघांनी एकमेकाला मिठी मारली, अन् दोघंही मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तुमचं स्वप्न काय आहे, काका?" श्रीयश सरांनी माईक पुढं केला.

"जेवान कवा हाय?" निवृत्तीनं विचारलं.

सगळी मंडळी हसली. सरसुद्धा हसले आणि म्हणाले, "बघा, ही भूक! हीच भूक धंद्यात पाहिजे." निवृत्तीनं मुकाट्यानं जेवून घेतलं आणि दुपारच्या एसटीनं घर गाठलं.

"झालात का वाघ?" सवितानं विचारलं.

"झालो."

"मग गोठ्यातलं श्यान काढा. वाघाला काय, कुटलंबी चालतं."

निवृत्ती पुन्हा बाजेवर जाऊन पडला. असं हे उमेद आणण्याचं काम झालं.

आता या गावची एक रीत आहे. भैरोबाच्या जत्रेला घरटी पायलीभर भात देवाला द्यायचा, सगळ्याची एक रास करायची, आणि ती गावच्या गिरणीत फुकट भरडायची. तो निवृत्तीच्या घराचा मान. त्या तांदळाचा भात, वर आमटी, अन् गाव जेवणार. माहेरवाशिणी येणार, जावई येणार. यंदा गिरणीला कुलूप, आणि जत्रेचा कारभारी कैलास. त्यानं रास उचलली ती आंबीला धाडली. धाडताना निवृत्तीला विचारलंसुद्धा नाही. कुलूप निवृत्तीनंच लावलेलं, तेव्हा त्याला वाईट वाटायचं कारण नव्हतं, पण वाटलं. दोन दिवस तो जेवताना बोलला नाही. सविताला तेवढंच बरं पडलं.

जत्रेदिवशी मोराच्या पिशव्या देवळापुढं उतरल्या. तांदूळ लांबसडक, पांढरा. बायाबापड्या हात घालून बघत होत्या.

"आपला हाय का पर ह्यो?" धोंडाबाई म्हणाली. गावातली सगळ्यात जुनी बाई ही, नजर कमी झाली तरी बोटं शाबूत. "आपला इंद्रायणी आखूड असतुया. ह्ये तर सुईवानी लागतंय."

"मावशी, यंत्रात लांब व्हतो त्यो," कैलास म्हणाला.

अशी उत्तरं द्यायला कारभारीच व्हावं लागतं. आंबीच्या गिरणीत कुणाच्या भाताबदली कुणाचा तांदूळ आला, देव जाणे. पण पांढरा आहे म्हटल्यावर गावानं तोंड मिटलं.

आचारी मारुतीआबा. आबानं आयुष्यभर एकच भात शिजवला, तो इंद्रायणीचा, बोटांच्या पेरांनी पाणी मोजून. त्याच मापानं त्यानं पाणी ओतलं. त्या सुयांना ते पाणी पुरतंय कुठलं? झाकण काढलं तर दाणा न् दाणा वेगळा, आणि दाताखाली घेतला तर कचकन वाजणारा. जाळ वाढवला तर खालून करपला. वेळ टळून चालली होती, जावई ताटकळले होते. कैलास म्हणाला, "वाढा."

पहिली पंगत बसली. भात पत्रावळीवर पडला आणि पसरला. आमटी ओतली ती भातात न थांबता सरळ खाली गेली, अन् पत्रावळीतनं निसटून पाव्हण्यांच्या पांढऱ्या विजारींवर. पुण्याहून आलेला एक जावई चमचा मागू लागला. मावळात भात चमच्यानं खायची वेळ आली. म्हातारी माणसं घास गालात धरून बसली होती, गिळायची छाती होईना. देवाचं अन्न म्हणून टाकताही येईना.

निवृत्ती पंगतीच्या टोकाला बसला होता आणि त्याला इतकं बरं वाटत होतं, की काय सांगावं. भूक नव्हती तरी तो एकेक कच्चा दाणा मजेत चावत होता. खा म्हणावं आता मोर.

कैलासच्या हे ध्यानात आलं. माणूस चुकला की गप बसतो, पण कैलास हा कारभारी. तो मोठ्यानं जावयांना म्हणाला, "आवो, कच्चा का असंना, खडं तरी न्हाईत. आमच्या गावातली गिरणी असती तर तुमी आत्ता दाढंला हात लावून बसला असता. बंद पडली त्ये देवाचीच किरपा."

सगळी पंगत हसली. आमटीनं भिजलेले जावईसुद्धा हसले. निवृत्तीनं मान वर केली, तर समोर वाढायला उभी असलेली सविता पदराआड हसत होती.

गावाचं हसणं त्यानं गिळलं असतं. बायकोचं गिळवेना, कारण ती खऱ्यालाच हसत होती. खडे यायचेच. चाळण फाटली होती, ती त्यानं तारेनं शिवून चालवली होती. नवी आणून माळ्यावर टाकली होती, पण चार नट कोण खोलणार, म्हणून ती कागदातनं बाहेर आलीच नव्हती. आंबीच्या यंत्राला शिव्या घालताना हे तो कुणाला सांगत नव्हता. स्वतःलासुद्धा.

तो पत्रावळीवरनं उठला. पंगतीतनं मधेच उठणं म्हणजे देवाचा अपमान, म्हणून गलका झाला. तो थांबला नाही. सविता मागनं पळत आली, तोवर त्यानं कुलूप काढून माळ्यावर शिडी लावली होती.

"राग आला व्हय?" ती दारातनं म्हणाली.

"पाना दे."

"कसला पाना?"

"तोंड लय चालतंय, तसं हातबी चालव. पाना दे आन ह्यो नट धर."

सवितानं पाना दिला. नट गंजलेले, हाताची सालटी निघाली. निवृत्ती नटाला शिव्या देत होता, त्यात अधनंमधनं कैलासचं नाव येत होतं. सवितानं घरच्या इंद्रायणीची पोती ओढत आणली. बटण दाबल्यावर मोटार आधी खोकली, मग धरली. पट्टा फिरला, भुसा उडाला. निवृत्तीनं भात एकदा चाळला, पुन्हा चाळला. सविता म्हणाली, "बास की." त्यानं तिसऱ्यांदा चाळला.

गिरणीचा आवाज देवळापर्यंत गेला. दुसरी पंगत बसायची होती. तिच्यातले लोक हातातल्या पत्रावळी सांभाळत वाट बघत राहिले.

तांदूळ आला तो आखूड, जरा तांबूस. मारुतीआबानं त्याला ओळखलं आणि पेरांनी मोजून पाणी ओतलं. भात मऊ झाला, वास देवळाच्या पायरीपर्यंत गेला. आमटी जिथं ओतली तिथं थांबली. वाहवा कुणी केली नाही. या गावात ती पद्धतच नाही. "जरा गिचका झालाय" म्हणत लोक तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

कैलास खाली मान घालून जेवत होता, फार सावकाश. प्रत्येक घास जिभेनं चाचपून बघत होता. निवृत्ती त्याच्या समोर भाताची बादली घेऊन उभा राहिला.

"घे अजून, कारभारी. ह्यात न्हाई घावला, तर फुडच्यात घावंल."

कैलासनं पत्रावळ पुढं केली. खडा घावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपुढं बायका पोती घेऊन बसल्या होत्या आणि निवृत्तीच्या नावानं बोटं मोडत होत्या. धोंडाबाई म्हणत होती, मागच्या खेपेला माझा कोंडा ठेवून घेतला. कुणी म्हणत होतं, आंबीच्या टेम्पोनं आमची भाडी खाल्ल्यावर उघडायचं व्हय रं दार. निवृत्ती एकेकीला उलट बोलत होता आणि हलरमध्ये भात ओतत होता. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती.

तेवढ्यात कैलासची बायको अनिता आली. पोतं नव्हतं, नुसता निरोप होता.

"भावजी, ह्ये म्हणत्यात, चार पोती हायती. पर आंबीवालं दारात टेम्पो धाडत्यात. तुमी धाडत असाल तर बगा."

निवृत्तीनं भुशानं माखलेलं तोंड वर केलं. नेमका त्याच वेळी तळेगावचा भंगारवाला टेम्पो गिरणीशी लावून खाली उतरत होता. चालू मोटार बघून त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे देणार नाही का काय?"

"न्हाई," निवृत्ती म्हणाला. "पर आलास त्ये बरं झालं. रिकामा जाऊ नगं. ह्या वैनीसंगट जा, कारभाऱ्याची चार पोती उचलून आण. आन भाडं त्याच्याकडनं घे. दोन्ही बाजूचं."