टाकीवरचा हात

पारोळ्याच्या अलीकडे दोन मैलांवर तोतारामशेठची लॉरी बंद पडली, तेव्हा तिचा ड्रायव्हर चुडामण याला ना राग आला, ना घाम फुटला. तो खाली उतरला, तेलाच्या टाकीपाशी गेला आणि झाकणावरचा शेंदूर शाबूत आहे ना, तेवढं पाहून घेतलं. शाबूत होता. मग पारोळ्याकडे निघालेल्या एका गाडीवानाजवळ निरोप देऊन तो बाभळीखाली बसून राहिला.

डिझेलवरची ही लॉरी शेठनं मुंबईहून आणली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. सेहेचाळीस सालच्या त्या फाल्गुनात तर तिचा एकही पत्रा गप्प बसत नव्हता. शेठला मात्र तिचं कोण कौतुक! रावेरच्या मळ्यांतून स्टेशनापर्यंत केळी ओढायची, एवढंच तिचं रोजचं काम. धुळ्याच्या व्यापाऱ्यानं घाई लावली म्हणून आज पहिल्यांदाच ती इतक्या लांब निघाली होती.

शेंदराची हकिगत अशी. गेल्या दसऱ्याला चुडामणच्या बायकोनं, भागाबाईनं, लॉरीची पूजा केली. इतर बायका पुढच्या नाकाडाला हळदकुंकू लावून मोकळ्या होतात. भागाबाई म्हणाली, तिचं पोट जिथं आहे तिथं हात लावते. आणि तेलात कालवलेल्या शेंदरात तळवा बुडवून तिनं टाकीवर चांगली दणकून थाप मारली. तळवा बरोबर झाकणावर, पाची बोटं खालच्या पत्र्यावर. दिवाळी झाली, चार दिवस ताप आला, आणि भागाबाई गेली. तिचा फोटो काढायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उरला तो हा हात.

तेव्हापासून चुडामणनं लॉरी धुऊ दिली नव्हती. शेठ बोल बोल बोलले. यानं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. रोज सकाळी तेल भरलं की तो झाकण फिरवत आणायचा आणि तळवा बोटांना जुळला की थांबायचा. रडला मात्र तो एकदाही नाही. जेवला, झोपला, लॉरी हाकली. लोकांनी त्यालाही नावं ठेवली. लोकांना दुसरं काम काय?

तासाभरानं वनाआबा मिस्त्री सायकलवरून आला. पारोळ्याच्या कापसाच्या जिनात इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. आधी पाना मारायचा आणि मग विचार करायचा, ही नव्या मिस्त्रींची रीत त्याला जमलेली नव्हती.

"कशी बंद पडनी? एकदम, का दम खात खात?"

"दम खात खात, आबा. चढावर जोर गेला. मंग बसलीच."

"धूर?"

"नही."

"म्हंजे तेल जास नई." चुडामण स्टार्टर मारायला निघाला, तसं वनानं त्याचं मनगट धरलं. "बॅटरी नको खावू. पहिले देखू."

त्यानं टाकीवर बोटाची गाठ वाजवली. निम्म्याच्या वरपर्यंत भरलेली. गाळणीचं कापड काढून उन्हात धरलं. स्वच्छ. पंपाजवळ नळी सोडवली, तर तेलाची धार आली, बारीक झाली आणि थांबली. नळी तोंडाला लावून फुंकली, तीही मोकळी. मग त्याचा हात झाकणाकडे गेला.

"मी उघडतो," चुडामण पटकन म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं घाईचं बोलणं.

त्यानं झाकण सैल केलं. टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढली आणि खाली नळीतून जाड धार सुरू झाली. वनानं झाकण लावायला सांगितलं. धार बारीक झाली, थांबली. उघडलं, सुरू.

"टाकीले हवा भेटस नई. झाकणले बारीक भोक ऱ्हास. जितलं तेल जास, तितली हवा मझार येवाले पाहिजे. तुना भोकवर शेंदूर शे."

स्टेशनाच्या फेऱ्या आखूड, आणि सकाळी तेल भरताना झाकण उघडायचंच. म्हणून पाच महिने काही कळलं नव्हतं. चुडामणला ते सगळं लगेच समजलं. तो चांगला ड्रायव्हर होता.

"तारेनं भोक पाडा आबा. बाकीचं राहू द्या."

वनानं तार घालून पाहिली. शेंदूर, तेल, धूळ, वर पाच महिन्यांचं ऊन. तार वाकली.

"घासनं पडी."

"दर दहा मैलांवर उतरून झाकण उघडीन मी."

"कितला दिवस?"

चुडामणनं टाकीवर हात ठेवला. वनानं तेव्हा कुठे खालच्या पत्र्यावरची बोटं नीट पाहिली.

"कोना हात शे हाऊ?"

"घरचीचा."

रॉकेलची बाटली आणि फडकं दगडावर ठेवून वना बिडी ओढायला लांब बाभळीच्या पलीकडे गेला.

लॉरीत केळीचे घड तापत होते. चुडामणनं झाकण मांडीवर घेतलं, फडक्यावर रॉकेल ओतलं आणि ताट घासावं तसं घासायला लागला. आधी कडा गेली, मग अंगठ्याखालचा फुगीर भाग, मग मधली रेघ. त्याला वाटलं, आता तरी रडू येईल. त्यानं वाटही पाहिली. आलं नाही. खालून पितळ निघालं आणि मधोमध बारकं भोक. त्यात फुंकर मारली. हवा पलीकडे गेली.

वनानं येऊन नळी जोडली, पंप दाबून नळीत शिरलेली हवा काढली. स्टार्टर एकदाच मारावा लागला. लॉरी सुरू झाली, आणि इतकी छान सुरू झाली की वना स्वतःवरच खूश झाला.

"आते मुंबईलेबी जाशी! झाकण आवळ."

चुडामणनं झाकण टाकीवर ठेवलं आणि रोजच्यासारखं हळूहळू फिरवत आणलं. पत्र्यावर पाच बोटं होती. तो जुळण्याची जागा शोधत राहिला. झाकण कुठंही थांबलं तरी चालणार होतं.