तीन वाजताचं स्थळ

मास्तरीणबाईंच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिल्या विचारण्यात कधी ‘हो’ मिळालं नाही. कपडा तयार होऊन खुंटीला लटकत असला तरी ‘थोडं थांबा’. लगेच काढून दिलं की लोकांना काम सोपं वाटतं, असं त्यांचं मत. चाळीस वर्षं जिभेला हेच वळण.

त्या दिवशी नात परीक्षेला निघाली आणि तिने मोबाइल आजीच्या मांडीवर ठेवला. त्यात एक खेळ होता. चित्रातल्या तरुणाशी गोडगोड बोलायचं, त्याच्याबरोबर फिरायला जायचं, त्याचं मन जिंकायचं. चार महिने खपून पोरीने त्याच्या प्रेमाचे दहातले नऊ बदाम मिळवले होते.

"आजी, तीन वाजता तो लग्नाचं विचारेल. तू फक्त ‘हो’ दाब. तासाभरात काहीच दाबलं नाही तर तो खेळातल्या त्या नर्सशी लग्न करेल, आणि माझं सगळं पहिल्यापासून."

"तुझ्या आईला दे की."

"ती खेळच पुसून टाकेल."

"टाकेनच," मशीनवरून सून म्हणाली. टीप काही थांबली नाही.

तीनला मोबाइल किणकिणला आणि त्याच घटकेला एक कारकून पँट न्यायला येऊन ठाकला. "झाली का हो?" इकडे कोटातला तरुण विचारतोय, "माझी होशील?" खाली दोन चौकटी: ‘हो’ आणि ‘थोडं थांब’.

"थोडं थांबा," मास्तरीणबाई कारकुनाला म्हणाल्या, आणि जिभेमागोमाग बोटही गेलं.

तरुणाचं तोंड एवढंसं झालं. बदाम पटापट गळून चारच उरले.

सुनेने मान लांब करून पाहिलं. "मोडलं का स्थळ?"

"तू बाही लाव."

आता त्याची समजूत काढणं आलं. तरुण म्हणाला, "मी कसा दिसतो?" कोटाचे खांदे ओघळलेले, बटणं बायकी बाजूला. असल्या शिवणीला मास्तरीणबाईंनी सख्ख्या भावाच्या लग्नातही बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाठ केली, चष्मा वर सरकवला आणि ‘खूप छान’ दाबलं. एक बदाम परत आला. मग त्याचं गाणं छान, त्याची कविता छान, त्याचं मांजरसुद्धा छान.

"एवढं कौतुक मला लग्नापासून मिळालं नाही," सून म्हणाली.

"तुझे बदाम मला दिसतात कुठे?"

चारच्या ठोक्याला नऊ बदाम भरले. तरुण लाजत म्हणाला, "उद्या तीनला पुन्हा विचारतो," आणि निघून गेला.

नात धापा टाकत आली. "म्हणालीस ना ‘हो’?"

मोबाइल बंद पडला होता, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मास्तरीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "चुकलं माझं. सवयीने ‘थांब’ दाबलं. उद्या तीनला परत विचारणार आहे."

मशीन बंद झालं. या घरात ‘चुकलं माझं’ सासूबाईंच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

पोरीचे डोळे भरले. "उद्याही पेपर आहे गं, दोन ते चार."

मास्तरीणबाईंना पुन्हा मोबाइल मागायला तोंड नव्हतं.

सुनेने हात पुढे केला. "आण इकडे. पुसत नाही. मला ‘हो’ म्हणता येतं. अठरा वर्षांपूर्वी म्हणून बसलेय, या घराला."