न चालणारी औषधे

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर टांगतात तो नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो तो. आडव्या ओळी, उभे रकाने आणि कडेला वरखाली सरकवायची पट्टी, एवढाच माझा देह. प्रोग्रॅम लिहिणारे मला ग्रिड म्हणतात. माहिती आत डेटाबेसमध्ये असते. ती माणसाच्या डोळ्यांपुढे नीट मांडायची, हे माझे काम.

माझा जन्म एका लहान रुग्णालयात झाला, नोंदणीच्या खिडकीमागच्या टेबलावर. मला घडवणाऱ्या प्रोग्रॅमर बाई एकट्याच काम करायच्या. सुरुवातीला मी नुसता करडा चौकोन होतो. मग त्यांनी मला डेटाबेसशी जोडले आणि क्षणात माझ्या अंगावर माणसे उमटली. नाव, वय, पत्ता, फोन, रक्तगट, जुने आजार आणि सर्वांत शेवटी 'न चालणारी औषधे'. एक ओळ पांढरी, एक फिकट निळी, असे रंग त्यांनीच दिले. दिवसभर बघणाऱ्याची नजर ओळीवरून घसरू नये म्हणून.

बघणारे होते नोंदणीकाका. पूर्वी ते जाडजूड वह्या चाळत. आता नावाची दोन अक्षरे टाइप केली की ओळ समोर येई. "आमची ही माझा वाढदिवस विसरते, आणि हा पठ्ठ्या बघा, सारं गाव पाठ!" असे ते मोठ्या सिस्टरना कौतुकाने सांगत. ते ऐकून मला धन्य वाटे.

काकांची तक्रार एकच होती. "बाई, पत्ता नि फोन पूर्ण दिसत नाहीत हो. मी रोज रकाने ओढून मोठे करतो, दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या!"

"त्यात काय, काका. तुम्ही ठेवाल ती रुंदी याच्या लक्षात राहील असं करून देते."

बाईंनी तसे करून दिले. मला ती बढतीच वाटली.

काकांनी पत्ता रुंद केला, मग फोन. पडदा तेवढाच, मग जागा कुठून यायची? शेवटच्या रकान्यात बहुतेकांचे काही लिहिलेले नसे, म्हणून तोच आक्रसत गेला. होता होता त्याची एक बारीक रेष उरली. तो मिटला आहे हे काकांच्या ध्यानातही राहिले नाही. मला कळत होते, पण मला वाचा कुठली?

एका दुपारी कपडे शिवणाऱ्या एका ताईंना त्यांच्या शेजारणीने आणले. पायाची जखम चिघळलेली, अंग तापाने फणफणलेले, शुद्ध धड नाही. नव्याने लागलेली सिस्टर खिडकीशी धावत आली.

"काका, यांना एखादं औषध चालत नाही, असं काही आहे का? शेजारणीला माहीत नाही."

काकांनी ओळ काढली. बोट पडद्यावरून शेवटपर्यंत नेले. "नाही, तसं काही दिसत नाही."

त्या रेषेआड तीन शब्द होते. 'पेनिसिलिन देऊ नये.' चार वर्षांपूर्वी काकांनीच ते टाइप केले होते.

पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. पुढचे मी फक्त ऐकले. धावती पावले, आणि मोठ्या सिस्टरचा चढलेला आवाज, "श्वास अडकतोय, डॉक्टरांना बोलवा आधी!" काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. ताई वाचल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी ती रेष धरून ओढली आणि ते तीन शब्द उघडे पडले. काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचले.

"माझ्या हातून जीव गेला असता, बाई."

"रकाना मिटवलात तुम्ही. पण तो मिटू शकतो, असा ठेवला मी," बाई म्हणाल्या.

काका ताईंकडे जाऊन आले. परत आले ते डोळे पुसतच. "त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, 'तुम्ही तेव्हा दोनदा विचारून लिहून घेतलं होतंत, म्हणून मी निर्धास्त होते.'"

बाईंनी मला पुन्हा घडवले. तो रकाना त्यांनी नावाला लागून आणला आणि असा जखडला की कुणी कितीही ओढला तरी मिटणार नाही. तो रिकामाही सोडता येईना. काही नसेल, तर 'विचारले, काही नाही' असे लिहावेच लागे. काका ते प्रत्येकाला खरोखर विचारत. रांग लांबे, लोक कुरकुरत. काका ऐकून घेत.

पुढे मी थकलो. एक ओळ उघडायला मला मिनिट लागू लागले. "हे डबडं कधी जाणार?" असे नवे लोक म्हणत. अखेर नवा प्रोग्रॅम आला आणि माझी सगळी माहिती त्यात गेली. मला बंद करायला माणूस आला, तेव्हा काका म्हणाले, "थोडं थांबा."

औषध न चालणाऱ्यांच्या चारशे बारा ओळी होत्या. काकांनी दोन्ही पडदे शेजारी ठेवले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून ताडून पाहिली. चारशे अकरा जुळल्या. एका आजोबांना दोन औषधे चालत नव्हती. नव्या पडद्यावर एकच दिसत होते, दुसऱ्याचे नाव कापले गेले होते. काकांनी ते दुरुस्त करून घेतले, पुन्हा वाचले, आणि मग स्वतःच्या हाताने मला बंद केले.

मित्रांनो, माझ्यासारखे तक्ते तुम्ही उद्या बनवाल, नाहीतर वापराल. तेव्हा एवढे करा. समोर काही दिसले नाही, तर ते खरेच नाही की झाकले गेले आहे, हे पाहूनच उत्तर द्या. खिडकीपलीकडचा माणूस तुमच्या शब्दावर निर्धास्त झालेला असतो.