उजव्या मोज्यातला दुसरा हात

मित्रांनो, मी उजव्या हाताचा मोजा आहे. तपकिरी, कातडी आणि आता बराच जुना. माझी गोष्ट ऐकायला जवळ बसा. हवं तर मला उचलून बघा, वास घ्या. पण माझ्यात हात घालू नका. का, ते ओघानं कळेलच.

इंग्लंडातल्या लीड्स शहरात एका बाईनं मला शिवलं. अंगठ्याची शिवण तिला पसंत पडेना, म्हणून तिनं ती दोनदा उसवली आणि पुन्हा घातली. त्यामुळे माझा अंगठा आजही ताठ आहे. माझ्याबरोबर एक डावा मोजाही जन्मला. त्याच्याविषयी मी फार बोलणार नाही. गाडीत चालवणारा बसतो उजवीकडे, तेव्हा डाव्यानं गिअरच्या दांड्यावर लोळत पडायचं आणि उजव्यानं खिडकीबाहेर जाऊन थंडीवाऱ्यात खुणा करायच्या, अशी आमची वाटणी होती. वळायचं असो, थांबायचं असो, हात बाहेर काढून सांगावं लागे. म्हणजे गाडीच्या वतीनं बोलायचो मी. हा गर्व नव्हे, खरं तेच सांगतोय.

मला विकत घेतलं श्यामकांत यांनी. ते आपल्या अंधेरीचे. कापडगिरणीची यंत्रं शिकायला ते लीड्सला गेले होते आणि तिथं गाडी चालवण्याचा परवाना काढायचा त्यांनी चंग बांधला होता. पहिल्या परीक्षेत ते नापास झाले, कारण नोव्हेंबरच्या गारठ्यात त्यांचा उघडा हात खिडकीबाहेर जाऊन असा आखडला की वळण्याची खूण अर्ध्यातच राहिली. त्याच संध्याकाळी ते दुकानात आले आणि त्यांनी मला हातात चढवलं. त्यांचा हात मोठा ऊबदार होता. करंगळी जराशी वाकडी होती, लहानपणी झोपाळ्यात सापडलेली. ती वाकडी करंगळी मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या परीक्षेत मी होतो, तरीही ते नापास झाले. समोरून एक काळी लांब गाडी आली, आत फुलांनी झाकलेली पेटी. श्यामकांतांनी चाकावरचे दोन्ही हात काढले, जोडले आणि कपाळाला लावले. आपल्याकडे कुणाचीही अंत्ययात्रा दिसली की आपण करतो, तसंच. त्यात त्यांनी विचार असा काही केलाच नाही.

"हात का काढलेत?" शेजारी बसलेल्या परीक्षकानं विचारलं.

"मयत चाललं होतं," श्यामकांत म्हणाले.

"गाडीही चालली होती," परीक्षक म्हणाला, आणि त्यानं कागदावर फुली मारली.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांना परवाना मिळाला. लाल पुठ्ठ्याची चिमुकली वही होती ती. आत फोटो नाही, नुसती सही. दरवर्षी ती कचेरीत न्यायची, म्हणजे तिथले लोक नवी चिठ्ठी चिकटवून देत आणि परवाना आणखी एक वर्ष जगे. आम्ही दोघं, म्हणजे ती वही आणि मी, त्यांच्या कोटाच्या एकाच खिशात राहायचो. डावा एकदा ट्रॅममध्ये पडला तो पडलाच. मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण वाटलं नाही.

लीड्सच्या आसपासच्या डोंगराळ मुलुखातले लॉरीवाले श्यामकांतांना फार आवडत. चढावर लॉरी धापा टाकू लागली की लॉरीवाला खिडकीतून हात काढून मागच्या गाडीला सावकाश खूण करी, पुढे जा. ती खूण श्यामकांतांनी उचलली आणि अंधेरीला आणली. चोपन्न साली ते परत आले, एक जुनी ऑस्टिन घेतली, आणि मग टांगा असो, सायकल असो, त्यांचा हात खिडकीबाहेर. तुम्ही पुढे व्हा.

त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई शेजारी बसून हसायच्या. "अहो, सगळ्यांनाच पुढे घालताय. आपण घरी कधी पोचायचं?"

"आपल्याला कसली घाई?" ते म्हणायचे.

घाई नव्हती खरी. पण छप्पन सालच्या दिवाळीआधी त्यांना कावीळ झाली आणि आठवड्याभरात ते गेले. मी तेव्हा गाडीच्या खणात होतो. बाहेर पावलं वाजली, कुणीतरी मोठ्यानं रामाचं नाव घेतलं आणि आवाज हळूहळू वेसाव्याच्या रस्त्यानं लांब गेला. त्यांचे धाकटे भाऊ विद्याधर पेटलेलं मडकं घेऊन पुढे चालले होते. मृणालिनीबाई दारातच राहिल्या. बायकांनी स्मशानात जायचं नाही, अशी रीत. त्या रस्त्यानं आपला माणूस कसा गेला, ते त्यांनी पाहिलंच नाही.

आता, मित्रांनो, पुढचं जरा सावकाश ऐका.

आजारी पडण्याच्या थोडं आधी श्यामकांतांनी ती लाल वही सही करून लीड्सच्या आपल्या घरमालकिणीकडे पाठवली होती. पुन्हा तिकडे जायचा त्यांचा विचार होता, म्हणून परवाना चालू राहावा एवढंच. त्या भल्या बाईनं कचेरीत जाऊन नवी चिठ्ठी चिकटवून घेतली. श्यामकांत गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मग सुएझचा कालवा बंद पडला, टपालाची बोट आफ्रिकेला वळसा घालून आली आणि पाकीट अंधेरीला पोचलं ते थेट फेब्रुवारीत. मृणालिनीबाईंनी ते गाडीत बसूनच उघडलं. आत लिहिलं होतं की या गृहस्थांना येत्या नोव्हेंबरपर्यंत गाडी चालवण्याची परवानगी आहे.

त्यांनी वही खणात ठेवली, माझ्या शेजारी. आणि बंद खणात, फेब्रुवारीच्या उकाड्यात, मी आतून गार पडू लागलो. आधी तळवा, मग बोटं. शेवटी माझी करंगळी आपोआप जराशी वाकली.

मृणालिनीबाई शिकलेल्या सुईण होत्या. आरेच्या आसपासच्या पाड्यांवर फिरून बाळंतिणींना बघायचं काम त्यांना मिळत होतं, पण एका अटीवर. गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. विद्याधर सरळ बोलले, "वहिनी, परवाना काढा, गाडी तुमची. नाही जमलं तर विकू या, आणि तुम्ही रत्नागिरीला भावाकडे जा. मला दोन घरं नाही झेपणार." त्यात दुष्टपणा काही नव्हता. पण रत्नागिरीला भावाच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात जन्म काढायचा म्हणजे काय, ते मृणालिनीबाईंना पक्कं माहीत होतं. ऐकता ऐकताच बाईंनी मला खणातून उचललं.

त्यांना मी कशासाठी हवा होतो सांगू? त्यांच्या हातात आता बांगड्या नव्हत्या. खिडकीबाहेर हात काढला की रस्त्यावरची माणसं आधी मनगट बघत आणि मग तोंड. माझ्या आत मनगट झाकलं जाई.

त्यांनी हात घातला आणि थबकल्या. मीही थबकलो. आजवर माझ्यात एका वेळी एकच हात असायचा. त्या दिवशी दोन होते. एक बारीक, गरम, घामेजलेला. आणि त्याच्याभोवती दुसरा, मोठा आणि गार. मृणालिनीबाईंनी हात बाहेर काढला, आत डोकावून बघितलं आणि पुन्हा घातला.

शिकवायला विद्याधर बसत. बाई झटपट शिकल्या. गिअर, ब्रेक, उतारावर गाडी धरणं, सगळं आलं. फक्त वेसाव्याच्या रस्त्यावर, जिथून स्मशानाकडे फाटा फुटतो, तिथं रोज एकच गोष्ट होई. उजवा हात चाकावरून उठे आणि कपाळाला लागे.

"वहिनी, तिथं देऊळ नाही," विद्याधर म्हणाले.

"मी नाही केला नमस्कार," मृणालिनीबाई म्हणाल्या. विद्याधरांना वाटलं, दुःखानं होतं असं माणसाचं.

तुम्ही म्हणाल, मोज्यानंच खोडी केली असेल. मी कातडं आहे, मित्रांनो. हात हलला तर मी हलतो. मी फक्त बघत होतो, आणि मला जे दिसत होतं ते विद्याधरांना दिसत नव्हतं. ऐन दुपारी, ताडांच्या सावलीतून, रस्त्याच्या मधोमध एक अंत्ययात्रा चालली होती. पाठमोरी माणसं, पांढऱ्या टोप्या, खांद्यावर तिरडी. पायांचा आवाज मुळीच नव्हता. ती चाले, पण पुढे सरकत नसे. रोज त्याच ठिकाणी.

उन्हाळ्यातली पहिली परीक्षा तिथंच फसली. मोटार खात्याचे इन्स्पेक्टर शेजारी बसले होते. हात कपाळाला गेला, गाडी वाकडी झाली, एक सायकलवाला थोडक्यात वाचला. "बाई, देवधर्म घरी," इन्स्पेक्टर म्हणाले आणि उतरून गेले.

दुसरी परीक्षा ऑक्टोबरात ठरली. विद्याधरांनी गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. त्यांनी ते लपवलं नाही. सकाळी बाईंनी मला चढवलं तेव्हा आतल्या दुसऱ्या हातानं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. मायेनंच धरला होता. मला त्या हाताचा स्वभाव माहीत होता.

तेच इन्स्पेक्टर पुढे बसले, विद्याधर मागे. फाट्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग ताडांची सावली आली, आणि सावलीत ती माणसं. या वेळी मृणालिनीबाईंनी गाडी थांबवली. त्यांचे डोळे समोर खिळले होते, तेव्हा माझी खात्री पटली की त्यांनाही दिसतंय.

सगळ्यांच्या पुढे मडकं घेतलेला माणूस होता. त्यानं मान वळवून मागे पाहिलं. ते विद्याधर होते. आणि मागच्या सीटवरून विद्याधर म्हणाले, "वहिनी, का थांबलात? रस्ता मोकळा आहे."

बाईंनी आरशात बघितलं, मग पुन्हा समोर. त्या दिवशी जे जे चालले होते ते सगळे तिथं होते. एकटी त्यांचीच जागा रिकामी होती. त्यांच्यासाठीच ती यात्रा वर्षभर खोळंबली होती, असं मला वाटलं, आणि मला रडू आलं. कातड्याला रडता येत नाही, तरी आलं.

माझ्या आतला मोठा हात नमस्काराला उठू लागला. बाईंनी तो चाकावर दाबून धरला.

"हात सोडा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "अहो, मला पुढे जायचंय."

हात सुटला नाही. पण सैल झाला. तेवढ्यात त्यांनी मला ओढून काढलं आणि काचेखालच्या फळीवर ठेवलं. मग उघडा हात, बांगडी नसलेला, कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढला आणि सरळ धरला. मी बाजूनं पुढे जात आहे, अशी ती खूण. रस्त्याकडेच्या दोन कोळणी टोपल्या सावरून बघत राहिल्या. बाईंनी हात आत घेतला नाही.

तिरडीवरचं पांढरं कापड हललं. त्यातून एक हात बाहेर आला. त्यावर मोजा नव्हता. करंगळी जराशी वाकडी होती. त्या हातानं मागच्या गाडीला सावकाश खूण केली, त्या लॉरीवाल्यांसारखी. तुम्ही पुढे व्हा.

मृणालिनीबाईंनी गिअर टाकला. आम्ही त्या माणसांच्या शेजारून गेलो, अगदी हातभर अंतरावरून. कुणी वर बघितलं नाही. ओलांडून जाताना फळीवर पडल्या पडल्या माझी बोटं एकेक करून मिटली, आणि गारवा माझ्यातून निघून गेला.

गाडी परत आणून उभी केल्यावर इन्स्पेक्टरांनी विचारलं, "मधेच थांबलात कशाला?"

"मयत चाललं होतं," बाई म्हणाल्या.

इन्स्पेक्टरांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग बाईंच्या उघड्या मनगटाकडे. "मग आज नमस्कार नाही केलात?"

"गाडी चालली होती," मृणालिनीबाई म्हणाल्या.

इन्स्पेक्टरांनी कागदावर सही केली.

नोव्हेंबरात लाल वहीची मुदत संपली, तेव्हा विद्याधरांनी ती हातात घेऊन विचारलं, "वहिनी, दादाचा परवाना पुन्हा पाठवायचा का तिकडे?" दादा दरवर्षी पाठवत, त्या सवयीनंच विचारलं असेल. बाई पाड्यावर निघाल्या होत्या. गाडी सुरू करता करता त्या म्हणाल्या, "नको, भावजी. त्यांना पोचू द्या आता."

तेव्हापासून मी आणि ती वही या खणात आहोत. बाई स्वतःचा परवाना वेळच्या वेळी नवा करून आणतात, आणि मला मात्र कुणी उन्हातही ठेवत नाही. शिवणीला बुरशी धरलीय. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू अशा कोंडून ठेवू नका. त्यांना ऊन दाखवा, जरा तेल लावा, बोटं मोकळी करा. हा लाड नव्हे. बंद खणात काय काय येऊन बसतं, ते मी पाहिलं आहे.

हल्ली मी रिकामाच असतो. तरी कधी कधी भर उकाड्यात करंगळी गार पडते. म्हणून म्हणतो, हात घालू नका. घातलाच, आणि आत कुणी असलंच, तर ओरडू नका, हिसका देऊ नका. मला पुढे जायचंय, एवढंच हळू सांगा. तो लगेच वाट देईल. जिवंतपणीही त्यानं कुणाला अडवलं नव्हतं.