मोबाइलवर जळणारी बंगई

मित्रांनो, मी एक जुनी बंगई आहे आणि मला मोबाइलचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना मन मोठं दाखवायचं असतं म्हणे. माझं मन काही मोठं नाही. ते या सागवानी फळीत मावतं तेवढंच आहे.

बंगई म्हणजे घरातला लाकडी झोपाळा. मी धामणगाव रेल्वे या गावची. इथल्या एका गोदामाचं जुनं दार मोडीत निघालं, तेव्हा त्यातली चांगली फळी देवमननं मागून घेतली. तो जिनिंगमध्ये कामाला होता. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं चालवायचा. त्यानं ती फळी अब्दुल गफ्फार मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी रंधा मारला, कोपरे गोल केले, भोकं पाडून लोखंडी साखळ्या अडकवल्या. घरापुढच्या छपरीत मला टांगलं, तेव्हा देवमनची लेक ज्योत्स्ना नुकती चालायला लागली होती. माझ्यावर सगळ्यात आधी तीच बसली.

त्या दिवसांत माझा काय थाट होता! देवमन कामावरून यायचा, डोक्यात रुई, भुवयांवर रुई. हातपाय धुतले की सरळ माझ्याकडे. लेकीला शेजारी घ्यायचा आणि एका पायानं जमिनीला रेटा द्यायचा. ज्योत्स्नाचे पाढे माझ्यावरच पाठ झाले. एका झोक्याला एक आकडा. तिची आई इंदूबाई माझ्यावर बसून मेथी निवडायची. शेजारच्या अनवरी चाचींचा नातू झोपेना, की त्या त्याला घेऊन माझ्याकडेच येत. माझ्या कड्या मात्र वाजायच्या. कर्र, कर्र. इंदूबाई वैतागून तेल घालायची, मी थोडे दिवस गप्प बसायची आणि पुन्हा सुरू व्हायची. या घरात आपल्यावाचून कुणाचं पान हलत नाही, असं मला वाटत असे.

मग बोंडअळीचं साल आलं. अळीनं कापसाची बोंडं आतून पोखरली, बाजारात कापूसच आला नाही, आणि जिनिंग हंगाम अर्धा असतानाच थांबली. देवमनला गुजरातेत एका सूतगिरणीत काम मिळालं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यानं एक मोबाइल आणला आणि ज्योत्स्नाच्या हातात दिला.

"घे वं. मी याच्यातच हाय असं समज," तो म्हणाला.

हे बोलणं माझ्या वर्मी लागलं. इतकी वर्षं बसला माझ्यावर, आणि जाताना शिरला त्या तळहाताएवढ्या डबीत!

त्या डबीचे लाड तर पाहावेत. तिला चमचमतं कव्हर. तिच्या काचेवर आणखी एक काच. ती हातातून निसटली की सगळ्यांचा जीव टांगणीला. माझी फळी एका बाजूला चिरली होती, तिथं इंदूबाईनं एक चुंबळ ठेवून दिली आणि विषय संपला. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तरी सुरुवातीला बरं होतं. देवमनचा फोन आला, की ज्योत्स्ना माझ्यावर बसायची आणि झोका घेत बोलायची. मी मुद्दाम मोठ्यानं कर्र कर्र करायची. म्हटलं, त्या मोबाइलचं बोलणं बिघडलंच पाहिजे.

पुढे पुढे फोन आला नसला तरी मोबाइल तिच्या हातात राहू लागला. शाळेतून आली की दप्तर भिरकावून माझ्यावर मांडी घालायची. पाय वर. जमिनीला टाचसुद्धा लागत नसे. मान खाली, पाठीला पोक, अंगठा तेवढा चालू. माझ्यावर बसूनही ती माझी नव्हती, आणि हेच मला सगळ्यात जास्त झोंबायचं. मी नुसती लटकून राहायची.

एकदा कुणीतरी तिला एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा सूतगिरणीला आग लागली होती, माणसं ओरडत पळत होती. गिरणी कुठली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून पोरीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. वडील ऑनलाइन आहेत का, हे ती पुन्हा पुन्हा पाहायची. दिसले नाहीत की घाबरून जायची. मग मन दुसरीकडे वळवायला आणखी व्हिडिओ बघायची, आणि त्यातून पुन्हा काहीतरी भीतीदायकच निघायचं. ताटातली भाकर तशीच वाळायची. मैत्रीण बोलवायला आली तर वसकन अंगावर जायची. सकाळी उठायची ती लाल डोळ्यांनी. भीतीबद्दल मात्र तिनं कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

आणि एक दिवस शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली.

तिला घरी आणलं, तेव्हा इंदूबाई घाबरून गेली. अनवरी चाची धावत आल्या. त्यांनी पोरीच्या तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिनभर झुले पे बैठती पोट्टी, चक्कर नहीं आयेंगी तो क्या होंगा?"

"खरंच वं माय, जवा पाहावं तवा त्या बंगईवरच असते," इंदूबाई म्हणाली.

गुन्हा मोबाइलचा आणि शिक्षा मला! त्याच संध्याकाळी मला उतरवलं. फळी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीला टेकवली. कोंबड्या माझ्यावर चढून बसू लागल्या. साखळ्या गेल्या बकरीच्या गळ्यात. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या बकरीचाही मला हेवा वाटला.

मला काढलं, पण चक्कर थांबली नाही. मान दुखायची, डोकं ठणकायचं.

एका रविवारी देवमनचा फोन आला. इंदूबाई भाकरी थापत होती, म्हणून ज्योत्स्नानं आवाज मोठा करून मोबाइल खिडकीत ठेवला. मी खालीच होते. सगळं ऐकू येत होतं.

"जय भीम. जेवले काय? अन् इंदू, बंगई बंद हाय काय वं? किती दिवस झाले, तिचा आवाजच नाही."

"काढून टाकली. पोट्टीले चक्कर येऊन राहिल्या."

मग तो म्हणाला, "आधी फोन लावला का मागून कर्र कर्र ऐकू ये. डोये मिटले का मले छपरीत बसल्यासारखं वाटे. मी तं तिच्याचसाठी बोलणं लांबवत होतो."

कोंबड्या माझ्यावर कलकलत होत्या. मला वाटलं, यांनी जरा गप्प बसावं.

तेवढ्यात ज्योत्स्ना हमसून रडायला लागली. "बाबा, बंगईनं नाही येत चक्कर. मी तिच्यावर हालतच नव्हती. मान खाली घालून फोनच पाहून राहिली होती. तुमी ऑनलाइन नसले का मले वाटे, गिरणीले आग लागली."

"आग? कोणं सांगतलं तुले?"

"व्हिडिओ आला होता."

"अवं बाई, कामावर फोन नेऊच देत नाही. तो खोलीत पडला राह्यते. मंग मी त्याच्यात दिसू कसा? पाळी सुटली का मीच लावीन. वाजला का घेजो. तोवर त्याच्याकडे पाहूच नको. अन् भेव वाटलं तं मायले सांगत जाय."

इंदूबाई पिठाच्या हातांनीच लेकीजवळ बसली. दुसऱ्या दिवशी ती तिला अमरावतीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मान दाबून पाहिली, डोळे तपासले, झोपेचं आणि जेवणाचं विचारलं. सतत वाकलेली मान, अपुरी झोप, रिकामं पोट आणि त्यावर मनातली भीती, यानं माणूस पडणारच, असं त्या म्हणाल्या. औषध थोडंच दिलं. झोपायच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, हे मात्र बजावून सांगितलं.

गफ्फार मिस्त्री आले. बकरीला दोरी मिळाली, मला माझ्या साखळ्या मिळाल्या. चिरलेल्या जागी त्यांनी पट्टी ठोकली. मोबाइल आता कोनाड्यात असतो. ज्योत्स्ना एकदम बदलली असं नाही. अजूनही जाता-येता तिची नजर तिकडे वळते. पण मानेचं दुखणं कमी झालंय, भाकर गरम असतानाच संपते, आणि तिचे पाय पुन्हा जमिनीला लागतात.

मित्रांनो, तुमच्या घरी बंगई असेल, नसेल. पण ज्याच्यासाठी तुम्ही मोबाइल हातात धरून बसता, त्याला तुमच्या घराचे आवाज ऐकू जाऊ द्या. ते तुम्ही हललात तरच होतील.

माझा हेवा गेला का? छे! मोबाइल वाजला की अजूनही सगळे माझ्यावरून उठून त्याच्याकडे धावतात. पण काल इंदूबाई तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढली, माझी कडी पुसू लागली. ज्योत्स्नानं तिचा हात धरला.

"माय, तेल नको टाकू. आज बाबाचा फोन येणार हाय."