भज्जीचा ताप

"ट्रॉलीला मागं लाल दिवा होता का?"

हा प्रश्न सोमेशनं सगळ्यांना विचारला. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांना, रस्त्याकडेच्या पानटपरीवाल्याला, ऊस वाहणाऱ्या एकेका ड्रायव्हरला. कुणी खाली बघितलं, कुणी तंबाखू मळायला घेतली. शेवटी एके दिवशी त्यानं मलाही विचारलं. पण मी तरी काय सांगणार? त्या सांजेला मी त्याच्या ताईच्या, शिवप्रियाच्या, स्कूटीच्या डिकीत होतो, तिच्या ॲप्रनच्या घडीत. बंद डिकीतून बाहेरचं काय दिसणार? अन् मला नीट कळते ती फक्त ऊब.

मी थर्मामीटर आहे. माणसाच्या तोंडात धरतात तो नव्हे, अन्नात खुपसतात तो. वीतभर लांब स्टीलची सुई आणि वर आकडे दाखवणारं पांढरं डोकं, एवढाच माझा संसार. कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर जन्मलो, खोक्यात पडलो, आणि कुरिअरवाल्यानं एका दुपारी मला ढोकीच्या एका खानावळीत आणून टाकलं.

खानावळ लक्ष्मीबाईंची. हाताशी थोरली लेक शिवप्रिया, आणि ताटं वाढायला धाकटा सोमेश. सातवीनंतर शाळा सोडलेला, डोक्यात राख घालून घेणारा, पण ताईच्या शब्दाबाहेर न जाणारा.

शिवप्रियानं मोबाईलवर अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण लावलं होतं. दुपारची जेवणावळ उरकली की ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायची, कारण रेंज तिथंच यायची. पडद्यावर राजनंदिनी मॅडम शिकवायच्या आणि मोबाईल धरायला सोमेश.

मला पहिल्यांदा वरणात बुडवलं तेव्हा तो फिदीफिदी हसला. "काय गं ताई, वरणाला ताप आलाय व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. "अन् ह्याचा उतरला की माणसाला चढतो. समजलं का, सातवी पास?"

मॅडमनी मला आधी तपासायला सांगितलं. बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मी शून्य दाखवलं. उकळत्या पाण्यात बुडवलं, मी अठ्ठ्याण्णववर थांबलो. सोमेशनं लगेच मोबाईलमध्ये तोंड घातलं. "मॅडम, ह्यो खोटारडा हाय! पाणी शंभरला उकळतं, एवढं मलाबी ठावं हाय."

मॅडम हसल्या. "खोटा नाही, दादा. तुमचा भाग बालाघाटचा, समुद्रापासून बराच उंच. जितकं उंच जावं, तितकं पाणी लवकर उकळतं."

सोमेशनं मला पुन्हा बुडवलं, पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे ताई, ह्याला आपला डोंगर कळतो?"

त्या क्षणी मीही थक्क झालो. मी स्वतःला साधी सुई समजत होतो. एका पातेल्यातल्या बुडबुड्यांत आख्खा डोंगर असतो, हे मला त्या पोराच्या तोंडून कळलं.

मॅडम सांगायच्या, शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर ठेवा, नाहीतर लवकर निववून पाचच्या खाली न्या. मधल्या कोमट पट्ट्यात जंतू वाढतात. वास येत नाही, रंग बदलत नाही, चवही बिघडत नाही. शिवप्रियानं वहीत लिहिलं, 'वैरी दिसत नाही. म्हणून मोजायचं.'

गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या. परमुलखातली साठेक माणसं, त्यात वीस-बावीस लेकरं. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. ओल्या शेंगा आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली दाट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील. कामगारांच्या पोरांना कुठलं शेत? शिवप्रियानं त्यांना शब्द दिला होता, "अवंदा येळवस माझ्याकडून."

येळवस वीस दिवसांवर होती. भज्जी झटपट निववायला पसरट ट्रे आणायला ती धाराशिवला गेली. परतताना दिवस बुडाला होता. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. शिवप्रियाला ती दिसली नाही.

दवाखान्यात तिच्या वस्तू सोमेशच्या हातात दिल्या. त्यानं मला मुठीत आवळलं. मी छत्तीस दाखवले. वरण, दूध, भात मी रोज मोजायचो, माणूस पहिल्यांदाच मोजत होतो. पातेलं आचेवरून उतरलं की निवत जातं. हा पोरगा आतून पार विझला होता, तरी त्याची मूठ एका अंशानंही उतरत नव्हती. एवढी ऊब माणूस कुठून आणतो, हे मला आजही उमगलेलं नाही.

तेरावा झाला. घरात सण नव्हता, पण लक्ष्मीबाई म्हणाल्या, "लेकीनं जबान दिलीया. ती पाळायची." येळवसेच्या आदल्या दिवशी त्यांनी भलंमोठं पातेलं चढवलं. आमच्याकडं भज्जी मुरलेलीच खातात, शिळ्या भज्जीची चव ताजीला नाही म्हणतात. त्यांनी पातेलं आचेवरून उतरवलं, झाकण घातलं आणि ऊब राहावी म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवलं. लेकराला गुंडाळावं तसं.

सकाळी सोमेशनं गोधडी सोडली. वास असा, की शेजारचे डोकावले. त्यानं मला पुसलं आणि मधोमध खुपसलं.

एकेचाळीस.

"आई, ही द्यायची न्हाय."

"का रं?"

"रातभर कोमट ऱ्हायली. ताई म्हणायची..."

"तुज्या आजीपासनं अशीच मुरवत्यात. कुणाला काय झालं आजवर?"

"ताईला काय झालं, ते तरी कुणी सांगितलं का?" तो ओरडला, आणि आई उठायच्या आत त्यानं पातेलं उकिरड्याच्या खड्ड्यात पालथं केलं.

लक्ष्मीबाईंनी पालथं पडलेलं पातेलं उचललं. "शेवटची जबान होती रं तिची."

तेव्हा कुठं त्याला कळलं, आपण काय केलं. दिवस कासराभर वर आला होता, साठ माणसं वाट बघत होती आणि पातेलं रिकामं होतं. तो आईच्या पायाशी बसून हुंदके द्यायला लागला. लक्ष्मीबाई पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ऊठ. शेजारच्या गुंडाप्पाच्या रानात तुरीला शेंगा भरल्यात. पातेलं घासून घे."

भज्जी कोप्यांपुढंच शिजली. गुंडाप्पा काकांनी तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभरा, घेवडा पोत्यानं आणला. पोरांनी गोल बसून शेंगा सोलल्या, निम्म्या पातेल्यात, निम्म्या पोटात. सोमेश दर थोड्या वेळानं मला बुडवायचा. काका म्हणाले, "आरं, भज्जीला सलाईन लावतूस का काय?"

प्रतीक्षा नावाची सहा वर्षांची पोर माझ्यावरून नजर काढत नव्हती. "दादा, सुई दुखत न्हाय का तिला?"

"न्हाय. ती फकस्त इचारती, आत काय चाललंय."

"मग भज्जी सांगती?"

"सांगती," सोमेश म्हणाला. "माणसंच सांगत न्हाईत."

मी चौऱ्याण्णव दाखवले. आचेवरची भज्जी सरळ ताटात गेली. लक्ष्मीबाईंनी पहिलं ताट प्रतीक्षाला वाढलं आणि दुसरं त्या ड्रायव्हरला, ज्यानं सोमेशच्या प्रश्नावर मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी सोमेश कोपी कोपी हिंडला. "पोट बरं हाय का?" लोक हसले. सगळ्यांची पोटं बरी होती. न घडलेल्या गोष्टीची बातमी कधी होत नाही. ती फक्त त्याला, त्याच्या आईला आणि मला माहीत.

आता हळदीच्या हातांनी माझं डोकं पिवळं पडलंय, सेल एकदा बदललाय. दुपारी गच्चीवर टाकीला टेकून सोमेश बसतो, आता प्रशिक्षण त्यानं स्वतः लावलंय. अक्षरं जुळवत जुळवत ताईच्याच वहीत पुढं लिहितो. तुमच्याही घरी कुणीतरी मायेनं गुंडाळून ठेवलेलं पातेलं असेल. मायेला नाव ठेवू नका. पण झाकण काढून एकदा विचारा.

काल उसाचा हंगाम संपला. सांजेला कामगार गावाकडं निघाले. ट्रॉल्यांत भांडीकुंडी, बोचकी, आणि त्यांवर लेकरं. सोमेश बाजारातून, गाडीचा उजेड पडला की चमकणाऱ्या लाल पट्टीचं बंडल घेऊन आला. ट्रॉल्यांच्या मागच्या पत्र्यावर चिखल होता, पट्टी चिकटेना. तेव्हा त्यानं खांद्यावरचा ताईचा ॲप्रन काढला. आधी पुसायचं, मग लावायचं, मला अन्नात बुडवताना ताई रोज हेच करायची. मान खाली घालणारा तोच ड्रायव्हर खाली उतरला. पट्टीचं दुसरं टोक त्यानं धरलं. एकेक करत ते शेवटच्या ट्रॉलीपाशी आले. वर बोचक्यावर प्रतीक्षा बसली होती. सोमेशनं मागचा पत्रा लख्ख पुसला आणि लाल पट्टी तळव्यानं दाबून बसवली.